रिकाम्या सीटचा पट्टा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पेणला रामवाडीत माझं गॅरेज आहे, वीसेक वर्षं झाली. अमावास्येला गाडी चालूच होत नाही, वडखळच्या पुढे गाडी आपोआप जड होते — असल्या तक्रारी घेऊन माणसं येतात. मी बॉनेट उघडतो. अमावास्येच्या गाडीची बॅटरी गेलेली असते, जड होणारीचा ब्रेक चिकटलेला असतो. गिऱ्हाईक ओशाळतं, मी चहा मागवतो. तेव्हा खाली लिहिलंय ते वाचून कुणी मला हसलं तर मी रागावणार नाही. मीही आयुष्यभर हसतच आलोय.

जुनी गाडी घेण्याआधी तपासायला लोक मला सोबत नेतात. गडबचा सागर असाच आला. रोह्याला एक लाल स्पोर्ट्स सेडान विकायला होती, टर्बो इंजिनवाली. फोटो बघूनच पोरगा वेडा झाला होता. मी म्हटलं, आधी बघू, मग वेडा हो.

रविवारी सकाळी दहाला आम्ही रोह्यात, अष्टमीच्या बाजूला त्या घरी पोचलो. मालक नामदेवकाका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. गाडी त्यांच्या मुलीची, प्राचीची. धाटावच्या एका कंपनीत ती लॅबमध्ये होती, गाडी पगारातून हौसेने घेतलेली. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत पोरगी गेली. काकांनी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ठोकलेली हाय का, ते बघून घ्या मिस्तरी. नाय ठोकलेली. पण तुम्ही बघा."

मी बघितलं. इंजिन थंड होतं, म्हणजे मुद्दाम आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. टर्बोच्या पाइपला तेल नाही. डिकीत स्टेपनीखाली गंज नाही. सीटचे चारही पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, कारण पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल धुवून काढला तरी पट्ट्याच्या टोकाशी राहतो. एकदम स्वच्छ. फक्त डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला होता.

"तो बरेच महिने हाय," काका म्हणाले.

टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसतो. मागचे शॉकअप, बेअरिंगचे आवाज मागेच कळतात. सागर पुढे बसायला गेला तर काका म्हणाले, "मागं बस रे. गाडी मी काढतो." आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस स्टिअरिंग सोडायचा नाही, असं मला वाटलं.

धाटावला एका कंपनीच्या गेटसमोर त्यांनी गाडी कडेला घेतली. थांबली न थांबली, पुन्हा निघाली. आणि बीप सुरू झाला. पुढे डाव्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतो ना, तोच. सीट रिकामी होती. साधा रुमालही नव्हता तिच्यावर.

काकांचे ओठ हलत होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता डावा हात लांबवला, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून लावून टाकला. बीप बंद.

सागरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सेन्सर आहे. दोन मिनिटांचं काम."

घरी परतल्यावर मी सीटखाली टॉर्च मारला. सेन्सरची पिवळी वायर सॉकेटमधून सुटून लोंबत होती. पिना हिरव्या पडलेल्या, वर कोळ्याचं जाळं, जाळ्यावर धूळ. दिवा का पेटतो ते कळलं. पण ती वायर सुटलेली असेल तर त्या सीटवर कुणी आहे की नाही हे गाडीला कळायचा रस्ताच नाही. मग मघाशी वाजलं काय? ...मनात आलं, आणि गेलं. माझा हात आधी चालतो, डोकं मागून. सुटलेली वायर दिसली की जोडायची, वीस वर्षांची सवय. पिना साफ केल्या, वायर टक्कन बसवली. दिवा विझला. सागर सीटवर बसला तर बीप, उठला तर गप्प. मी खूश.

सीटखाली केसांचा एक क्लिपही मिळाला. तो काकांना दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "आता नाय वाजणार?"

"रिकामी असताना नाय वाजणार काका. गॅरंटी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी हात पुसत होतो.

बुधवारी त्यांचा फोन आला. गाडी विकायची नाही म्हणाले. "मिस्तरी, एक काम कर. ती वायर होती तशी काढून दे. मी तिकडं घेऊन येऊ का?" आवाज असा होता की मीच निघालो, सागरला न सांगता.

काकू दारातच होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मीच बोलले ओ, गाडी विका. पोरगी गेली तरी तीन वाजले की हे गेटवर जातात, रिकामी गाडी घेऊन येतात. लोक बघतात. मला काय माहीत, रिकामी येत नव्हती ते."

मग गाडीत बसल्यावर काकांनी सांगितलं. प्राचीची शिफ्ट तीनला सुटायची, काका तिचीच गाडी घेऊन आणायला जायचे. गाडीत बसली की पट्टा लावायचीच नाही. बीप वाजत राहायचा, हे ओरडायचे, ती हसत बसायची. "दहापर्यंत मोजा बाबा, मग लावते." रोज. आणि दहा झाले की लावायची. बारावं झाल्यावर सवयीने ते पहिल्यांदा गेटवर गेले, रिकामे परत निघाले, आणि बीप सुरू झाला. त्यांनी दहा मोजले. थांबला नाही, म्हणून पट्टा स्वतः लावला. "मी बोललो, बस गो बाय. चल घरी." तेव्हापासून रोज. रविवारी आमच्या टेस्ट ड्राइव्हलाही. कंपनीला सुट्टी होती, सकाळची वेळ होती, तरी वाजला होता.

आणि सोमवारपासून गप्प.

मी सीटखाली वाकलो, वायर काढली, होती तशी लोंबती सोडली. मागे बसलो. तीनला गेटवर पोचलो. शिफ्ट सुटली, डबे-पिशव्या घेऊन पोरी बाहेर पडल्या. एक-दोघींनी काकांना हात केला. आम्ही निघालो... काहीच नाही. वळून पुन्हा आलो. पुन्हा निघालो. तिसऱ्यांदाही. पुढे एअरबॅगचा दिवा तेवढा पेटलेला.

मी म्हटलं, "काका, मला माफ करा." दुसरं सुचलं नाही. त्यांच्या मुलीचं जेवढं उरलं होतं तेवढं मी चिमटीने बंद केलं होतं, वर गॅरंटी दिली होती. माझ्या सगळ्या गॅरंट्यांत तेवढी एकच पक्की निघाली.

"तुला काय माहीत," ते म्हणाले. "तू काम केलंस." मग डाव्या सीटकडे हात करून म्हणाले, "ये, पुढं बस."

मी उतरून पुढे बसलो. गाडी निघाली. पंच्याऐंशी किलोचा जिवंत माणूस त्या सीटवर बसलाय, पट्टा लावलेला नाही, आणि गाडी गप्प. वायर सुटलेली असेल तर गप्पच राहणार, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. मग ते सगळे महिने काय वाजत होतं? पिना गंजल्या की शॉर्ट होतो, हेही मला माहीत आहे. पण शॉर्ट गेट बघून होत नाही, आणि पट्टा लावल्यावर थांबत नाही. पनवेलच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, तो म्हणाला असं होऊच शकत नाही. याचं उत्तर कुणाकडे असेल तर मला जरूर कळवा, काकांना मात्र सांगू नका.

त्या दिवसापासून सुटलेली वायर दिसली की मी हात लावण्याआधी मालकाला विचारतो. माणसं हसतात.

त्या दिवशी परतताना गाडी नदीच्या पुलावर येईपर्यंत मी पट्टा लावलाच नाही. लावावासा वाटेना. काकांचे ओठ हलत होते. मीही त्यांच्याबरोबर मनात मोजत होतो. दहा झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव आता."

मी लावला.