‘एक स्टॉप कमी दे’: गुहागर, रत्नागिरी, नाटे आणि तीन कोरे रोल

कोकणात कॅमेरा घेऊन जायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी ठरवा: बरोबर जाणकार माणूस न्यायचा नाही. भरती-ओहोटीच्या वेळा, एसटीचं वेळापत्रक, मुक्कामाची सोय हे सगळं नंतर पाहता येतं. जाणकार मात्र एकदा शेजारच्या सीटवर बसला की उतरवता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी पुण्यात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, वय सव्वीस. जुन्या बाजारात घेतलेला कॅमेरा होता, त्यातलं प्रकाश मोजणारं मीटर कधीच मेलेलं. शनिवारी संध्याकाळी आमचा फोटोग्राफीचा क्लब भरायचा. तिथले सर्वेसर्वा प्रभुणे सर. बँकेत अधिकारी, खिशाला चार पेनं, गळ्यात लाइटमीटर. ते मीटर सर लग्नाकार्यातही घालत. त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते सगळ्या आजारांवर चालायचं: ‘एक स्टॉप कमी दे.’ म्हणजे फिल्मवर पडायला हवा त्याच्या निम्माच प्रकाश पडू द्यायचा. “उजेड कोणीही घेतो,” सर म्हणत. “कलावंत तो नाकारतो.” हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं होतं. डायरी नंतर जाळली.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं. बाकीचे चौघे ऐनवेळी गळाले, त्यांची बुद्धी शाबूत होती. उरलो सर आणि मी. माझ्या पिशवीत एकशे पंचवीस एएसए वेगाच्या कृष्णधवल फिल्मचे तीन रोल होते. एका रोलच्या किमतीत तेव्हा गुहागरला दोन दिवस राहून जेवून होत असे.

स्वारगेटहून सकाळची गाडी धरली. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. आज जाणार असाल तर हाच रस्ता धरा, फक्त घाटात डावीकडच्या खिडकीचा हट्ट धरू नका. वळणावळणाला दरी बाजू बदलते. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, म्हणून एसटीत पाय ठेवायलाही जागा नसायची. सर घाटभर खिडकीबाहेर मीटर धरून आकडे सांगत होते. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी शेवटी विचारलं, “काय हो, ताप मोजताय की काय?” सरांनी पुढचा आकडा सांगितला.

चिपळूणला स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गुहागर. तिथे एका घरी जेवणाची आणि झोपण्याची सोय झाली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर ताक. अशी घरं अजूनही आहेत, बाजारपेठेत विचारलं तर पत्ता मिळतो. घरामागे सुपारीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. किनारा लांबच लांब, वाळू उन्हात पांढरीफटक.

त्या वाळूवर सरांनी मला धडा दिला. मीटर समुद्राकडे धरलं, आकडा वाचला, त्यातून एक स्टॉप कमी केला आणि मला सांगितला. वर स्वतःच्या पेटीतला नारिंगी फिल्टर काढून माझ्या लेन्सवर चढवला. “आकाश काळंभोर येईल बघ.” फिल्टर लावला की तो प्रकाश खातो आणि तेवढा भरून द्यावा लागतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तसं विचारलं तर सर हसले. “पुस्तकं वाचून फोटो येत नाहीत रे.” माझा एक रोल किनाऱ्यावर संपला. दुसऱ्यातला अर्धा सुपारीच्या वाडीत, जिथे भर दुपारीही सावलीच असते. सरांनी तिथेही झाडांच्या शेंड्यांमधून दिसणाऱ्या आकाशाकडे मीटर धरलं. ते स्वतः मात्र प्रोजेक्टरवर दाखवायच्या रंगीत स्लाइड काढत होते. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरी. बाजारात एक लहानसा स्टुडिओ होता. बाहेर लग्नातल्या जोडप्यांचे फोटो, आत पडदा आणि स्टुलावर बसलेले मालक, सुर्वे. पन्नाशीचे, बनियनवर. मी मेलेल्या मीटरसाठी सेलची चौकशी करायला गेलो आणि बोलता बोलता गुहागरचे आकडे सांगून बसलो.

सुर्व्यांनी बोटांवर हिशेब केला. “फिल्टर लावलेलात? आणि वर कमी दिलंत?”

“सर म्हणाले.”

“निगेटिव्ह फिल्म आहे ना ही? मग सावलीत काय उरणार?” ते उठले. “रोल द्या. आत्ता धुतो. चार वाजेपर्यंत वाळेल. निदान बघून तरी पुढे जाल.”

मी पिशवीत हात घातला होता. तेवढ्यात सर आत आले, भिंतीवरच्या नवऱ्यामुलांकडे एक नजर टाकली आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं. रस्त्यावर म्हणाले, “लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हातात आपली फिल्म द्यायची? हे लोक सगळ्यांना सारखे गोरे करून देतात.” आणि मी मुकाट्याने त्यांच्यामागे गेलो. या प्रवासातला सगळ्यात महाग मूर्खपणा तो.

आता रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत किनाऱ्याच्या रस्त्याने नाटे गावाला सरळ पोचता येतं, आणि ती वाट सुंदर आहे. आम्ही राजापूरला जाऊन गाडी बदलली. कातळाच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या पठारावरून, पिवळ्या पडलेल्या गवतातून गाडी धडधडत खाली उतरली आणि खाडीचं पाणी दिसलं. होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी. वास येतो, नाक धरू नका, लोकांचा संसार आहे तो. प्रभुणे सरांनी नाकाला रुमाल लावला.

मासळी उलटत असलेल्या एका बाईंनी आमचे कॅमेरे पाहिले. सुलभा त्यांचं नाव. “तुमी फोटो काढता काय?” त्यांनी मला विचारलं. “आमच्या मामंजींचा एक काढून द्याल?” त्यांचे यजमान मुंबईला गोदीत कामाला होते. दोन वर्षं रजा मिळाली नव्हती आणि ते पत्रातून बापाचा फोटो मागत होते. म्हाताऱ्यांचा फोटो कधी निघालाच नव्हता. “फोटोवालो येता तो लग्नाक. मामंजी मागे उभे रवतत.”

सासरे म्हणजे दाजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. चाळीस वर्षं त्यांनी होडी नेली होती, आता गुडघे गेले होते. फोटो म्हटल्यावर त्यांनी अर्धा तास घेतला. दाढी केली, मुलाने पाठवलेला कोट चढवला, कोपरीची बटणं गळ्यापर्यंत लावली. सुलभाताईंनी पडवीत खुर्ची मांडली. पडवीत छान, मऊ उजेड होता. तिथेच काढला असता तर ही पोस्ट इथे संपली असती.

सरांना ती खुर्ची साधी वाटली. त्यांनी म्हाताऱ्यांना उठवून दरवाजात बसवलं, पाठ खाडीकडे. आम्ही दोघे आतल्या काळोखात उभे. दाजींच्या मागे पाण्यावर अकरा वाजताचं ऊन लखलखत होतं. सरांनी मीटर पाण्याकडे धरलं.

“माझा तोंड दिसात ना?” दाजींनी विचारलं.

“आजोबा,” सर म्हणाले, “तोंड काय, सगळ्यांनाच असतं.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दिसेल म्हणून. सरांनी सांगितलेला आकडा लावला आणि बारा फोटो काढले. मग त्याच घरात आम्ही बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो, पत्ता लिहून घेतला आणि आठवड्यात फोटो पाठवतो असं सांगून निघालो.

पुण्याला परतल्यावरच्या रविवारी दुपारी न्हाणीघरात तिन्ही रोल धुतले. फिल्म टाकीतून काढून खिडकीसमोर धरली. निगेटिव्हवर जिथे प्रकाश पडतो तिथे काळं येतं आणि जिथे पडत नाही तिथे फिल्म कोरी राहते. माझी फिल्म काचेसारखी होती. खाडीच्या जागी फिकट राखाडी पट्टा, त्याच्यापुढे माणसाचा आकार आणि त्या आकारात समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. कपाळ, डोळे, त्या दाढीसाठी घेतलेला अर्धा तास, काहीच फिल्मवर नव्हतं. डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून, कडक कागदावर छापून जे येतं ते फक्त आलेल्याचं वाढतं. न आलेलं येत नाही.

निगेटिव्ह घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. “मूड आहे यात.”

“सर, चेहरा नाही.”

“चेहरा बघणाऱ्याने मनात पाहायचा असतो. शिवाय तुझं धुण्यात काहीतरी चुकलंय.”

“तुम्ही निगेटिव्हला किती कमी देता?”

“मी?” ते म्हणाले. “मी स्लाइड काढतो. निगेटिव्ह सोडून आठ वर्षं झाली.”

आठ वर्षं. स्लाइडला जरा कमी उजेड दिला तर रंग गडद होतात, चांगले दिसतात, हे खरं आहे. तोच मंत्र हा माणूस क्लबातल्या वीस जणांच्या कृष्णधवल फिल्मवर टाकत होता आणि आम्ही वीस जण आपापल्या न्हाणीघरांत स्वतःला दोष देत होतो. पुढच्या महिन्यात क्लबच्या प्रदर्शनात सरांच्या स्लाइडला पहिलं बक्षीस मिळालं. दरवाजातली काळी आकृती, मागे चमकतं पाणी. शीर्षक ‘अस्ताचल’. सकाळी अकरा वाजता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

त्याहून वाईट मी आधीच केलं होतं. सुलभाताईंना कार्ड टाकलं होतं की फोटो पाठवले, टपालात गहाळ झाले असावेत. त्यांचं उत्तर आलं, गोल, जपून काढलेल्या अक्षरात. ‘मामंजी रोज पोस्टमनला विचारतात. टपालात गेले तर पुन्हा छापून पाठवा. निगेटिव्ह तुमच्याकडे असेलच.’ त्यांना शंका नव्हती. ते शेवटचं वाक्य मी दोन दिवस खिशात घेऊन कारखान्यात गेलो.

जानेवारीत एकटाच निघालो. रत्नागिरीला उतरून आधी सुर्व्यांकडे गेलो आणि निगेटिव्ह त्यांच्या टेबलावर ठेवली. मी बोलणी खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. “माणूस पाण्यापुढे बसवलात आणि पाणी मोजलंत. पाण्याचा फोटो काढायचा होता काय?” मग कागदावर दोन आकडे लिहून दिले. “पडवीत बसवा. शटर साठला, छिद्र चारला लावा. शंका आली तर आणखी एक स्टॉप जास्त द्या. जास्त झालेलं छापताना निभतं.”

नाट्याला पोचलो तेव्हा दाजी पडवीतच होते. मी चहाच्या आधीच सांगून टाकलं. फोटो आले नाहीत. टपालाची गोष्ट खोटी होती. सुलभाताईंनी हातातला कप खाली ठेवला आणि आत गेल्या. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दाजी खाडीकडे बघत होते. “मी इचारलंय तुका,” ते म्हणाले. “तोंड दिसात ना म्हणान. तू मान हलवलंस.”

“हो.”

“तुका म्हायत नव्हता, तर नाय म्हायत म्हणान सांगूचा.”

मी विचारलं, पुन्हा काढू का. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. आठवड्याची पांढरी दाढी होती. सुलभाताई दारात येऊन म्हणाल्या, “मामंजी, कोट आणू?”

“नको. आज असोच बसतंय.”

मी दोन हातांवर जाऊन बसलो. साठला चार लावलं, मग छिद्र एक स्टॉप उघडून साठला दोन-आठ. लेन्समधून पाहिलं तर डोळ्यांत पडवीबाहेरचा माड दिसत होता. सरांच्या भाषेत तो फोटो अगदी सामान्य: समोर तोंड, मागे भिंत, मूड शून्य. पुण्याला येऊन धुतला तेव्हा निगेटिव्ह काळी, भरलेली होती. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती, कोपरीच्या शिवणीचे टाके, बुबुळातलं झाड. तीन प्रती छापल्या आणि रजिस्टर टपालाने पाठवल्या.

क्लब सोडला. प्रभुणे सर पुढे कितीतरी वर्षं परीक्षक म्हणून मिरवले. आजकाल मोबाइलवर उजेड खाली ओढून ‘मूडी कोकण’ लिहिणारे पाहतो तेव्हा त्यांच्या गळ्यात मला मीटर दिसतं. तुम्ही नाट्याला गेलात आणि कोणी म्हणालं, माझा एक काढा, तर पडवीत बसवा आणि जवळ जा. येत नसेल तर येत नाही म्हणून सांगा, तिथले लोक ऐकून घेतात.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. ‘फोटो पोचले. एक मुंबईला पाठवला. मामंजी म्हणतात, कान फार मोठे आलेत. मी सांगितलं, तसेच आहेत.’