न धरलेल्या माशांचे धनी

सिसिन्नियो पिन्नाला माणसांचा राग फारसा येत नसे. त्याला त्यांची किळस यायची. रागाला ताकद लागते, आणि अडुसष्टाव्या वर्षी ती त्याने जाळी ओढायला राखून ठेवली होती.

पोर्तु सेरा गावात समुद्र कुणा एकाचा नाही, पण मासेमारीच्या जागा वाटलेल्या असतात. फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे नाववाले चर्चच्या ओसरीत जमतात. जागांची नावं कोरलेले बुचाचे तुकडे कातडी पिशवीत टाकतात आणि ज्याने त्याने हात घालून आपली वर्षाची जागा काढायची. सिसिन्नियोच्या बापाच्या वेळी प्रत्येकजण देवाकडे एकच जागा मागायचा, मोंजा. तिथे पाण्याखाली अख्खा डोंगर उभा आहे. त्याच्या कपारींत शेवंडं, आणि वर लाल माशांचे थवे. ज्या वर्षी मोंजा मिळे त्या वर्षी घरात लग्न निघे.

मग लष्कर आलं आणि टेकडीवरून समुद्रात तोफांचा सराव करू लागलं. निम्म्या जागा त्या हद्दीत गेल्या, मोंजाही गेली. आधी गाव खवळलं. सगळ्या नावा जाऊन तोफांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि तोफा गप्प बसल्या. पुढच्या नावेत चाळिशीतला सिसिन्नियो होता, मागच्या नावेत गाविनो लोई, घसा फोडून ओरडत. मग सरकारने नुकसानभरपाई जाहीर केली. ज्याच्या वाट्याला बंद जागा येईल, त्याला न धरलेल्या माशांचे पैसे. त्या दिवसापासून गावाचा घसा बसला तो कायमचा. गाविनो मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाला.

अजूनही लोक देवाकडे मोंजाच मागतात. आता ती मिळाली की वर्षभर धक्क्यावर पत्ते खेळता येतात.

सिसिन्नियो दरवर्षी हे बघायचा आणि आपल्या वाट्याच्या उघड्या, रेताड जागेवर बोटभर मासे धरायला निघून जायचा. त्या वर्षी मात्र त्याच्या हाताला मोंजा लागली.

"लॉटरी लागली की सिसिन्नियोकाका!" मागून बास्तियानो म्हणाला. धडधाकट तिशीतला गडी, पण त्याच्या नावेच्या तळाला शेवाळ धरलं होतं. "बदली करता का? माझी खाडीची जागा घ्या. वर एक डुक्कर देतो."

"डुक्कर घरीच ठेव. तुला सोबत होईल."

गाविनोने कागद पुढे केला. "इथं सही कर. सराव असो नसो, वर्षभर आत जाणार नाही, एवढंच."

"मग मासे कधी धरू?"

"धरायचे नाहीत. त्याचेच तर पैसे."

"अरे वा. मी तुझ्या बायकोला मारत नाही, त्याचे कोण देतं?"

ओसरी हसली. गाविनो हसला नाही. "नीट ऐक. सही न करता आत गेलास, तर या पिशवीत तुझा हात पुन्हा जाणार नाही. बापजाद्यांचा हक्क जाईल."

सिसिन्नियोने बुचाचा तुकडा खिशात टाकला. कागदाला हात लावला नाही.

मे महिन्यात टेकडीवर सरावाचं लाल निशाण चढलं. सिसिन्नियो पहाटे निघाला, मोंजावर पोचला आणि आदल्या दिवशी टाकलेली जाळी सावकाश उचलू लागला. थोड्याच वेळात लष्कराची लाँच आली. वर उत्तरेकडचा एक गोरापान लेफ्टनंट.

"आजोबा, निशाण दिसत नाही का?"

"दिसतं. तू दिसतोस, निशाण दिसतं, तोफाही दिसतात. शेवंड तेवढं दिसत नाही, म्हणून जाळं टाकलंय."

"सराव सुरू व्हायचाय!"

"होऊ दे. नेम चांगला असेल तर मला लागायचं नाही. वाईट असेल तर सरावाची गरज आहेच."

लेफ्टनंटने कपाळाला हात लावला आणि वायरलेसवर बोलत बसला. दुपारपर्यंत एकही तोफ वाजली नाही. सिसिन्नियोला त्या पोराचा तिरस्कार वाटला नाही. पोरगा पगार घेत होता आणि पगाराचं काम करत होता. गावातल्या किती जणांबद्दल असं म्हणता आलं असतं?

धक्क्यावर सारं गाव उभं होतं. टोपलीतली शेवंडं मिशा हलवत होती, पण तिकडे कुणी बघेना.

"हद्द मोडली म्हणून सगळ्यांची भरपाई अडकवलीय त्यांनी," गाविनो ओरडला. "पोटावर पाय दिलास आमच्या!"

सिसिन्नियोने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तिथवर पाय न्यायला शिडी लागेल मला."

"लाज वाटत नाही?"

"वाटते. तू माझ्या मागच्या नावेत होतास, हे आठवलं की वाटते."

त्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. हात वर करायला सांगितलं, तेव्हा सगळे वर गेले. जाळं ओढायला न उठणारे हात तेवढ्यासाठी झटकन उठले. सिसिन्नियोचं नाव यादीतून कापलं गेलं.

पुढच्या फेब्रुवारीत तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. पिशवी त्याला वगळून पुढे गेली. मोंजा बास्तियानोला लागली. त्याने बुचाचं चुंबन घेतलं आणि छातीवर क्रूस काढला.

"बास्तियानो," सिसिन्नियोने विचारलं, "त्या दगडाला जाळं कुठल्या अंगानं घालतात रे?"

"मला काय करायचंय, काका?" बास्तियानो मोकळेपणाने हसला. त्याला प्रश्न खरंच कळला नव्हता.

सिसिन्नियो ओसरी उतरला, थेट धक्क्यावर गेला आणि जाळी नावेत भरू लागला. गाविनो धापा टाकत मागे आला. टेकडीवर त्या दिवशीही निशाण होतं.

"कुठं निघालास? तुझ्या नावावर जागा नाही!"

"जागा तुमच्याच नावावर राहू दे. मला मासे पाहिजेत."

मोंजापाशी तीच लाँच, तोच लेफ्टनंट. त्याने लांबूनच मान हलवली. "आजोबा, पुन्हा?"

"दम धर. अजून एक टोक सोडायचंय."

मागे धक्क्यावर माणसं दुर्बिणी घेऊन उभी होती, आपली भरपाई बुडते की काय ते बघत. सिसिन्नियोने वळून पाहिलं नाही. बघण्यासारखं तिकडे काही उरलं नव्हतं.