साकोलीचे सासरे आणि विभागप्रमुखांची खुर्ची

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने मला, म्हणजे ऑफिसातल्या बाबूला, शाल, श्रीफळ आणि एक बंद घड्याळ दिले. किस्से मात्र मीच गुपचूप घरी आणले. सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला त्यांची नोंद नव्हती, त्यामुळे कोणी परत मागितले नाहीत!

त्यातले निम्मे रसायनशास्त्र विभागाचे, आणि बरेचसे लांजेवार सरांच्या लग्नाचे. सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास सगळे त्यांचे, नोकरी त्यांची नाही.

*

नेमणूक एप्रिलपर्यंतच, म्हणून दर जूनमध्ये सर स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत देत. सकाळी खुर्च्या तेच लावायचे, तज्ज्ञांना चहा तेच द्यायचे, मग बाहेर जाऊन दार वाजवायचे, "मे आय कम इन?"

एका तज्ज्ञांनी विचारले, "या जागेवर आधी कोण होतं?"

"मीच, सर."

"मग सोडली का?"

"उन्हाळा लागला, सर!"

*

तुमसरहून एका मुलीचा भाऊ सरांना पाहायला आला, तो नेमका हायड्रोजन सल्फाइडच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. सडक्या अंड्यांचा वास पार माझ्या टेबलापर्यंत. पाहुण्याने नाकाला रुमाल लावून विचारले, "हे रोजच असते का जी?"

सर स्वभावाने खरे. म्हणाले, "नाही जी. फक्त सोमवार आन् गुरुवार."

पाहुणा चहा न पिताच गेला.

*

विभागप्रमुख कायम होते, त्यामुळे खुर्चीत असत. एकदा चुकून प्रयोगशाळेत शिरले. परिचर डोमाजी तिथे येऊन वर्ष झाले होते. त्याने अदबीने विचारले, "कोण पाहिजे, साहेब?"

*

मग साकोलीचे स्थळ आले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. मुलीचे वडील सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यांची अट एकच, "नोकरी पक्की पाहिजे. मी कागद नाही पाहत, सोता येऊन मानूस पाहतो."

लांजेवार सरांचे जेवण सुटले. "हेही गेलं, बाबूजी!"

डोमाजी म्हणाला, "कायले घाबरता? जो धावून राहिला तो कच्चा, जो बसून राहिला तो पक्का. मंग तुमी बसा ना!"

विभागप्रमुख मनाने चांगले. त्यांनी खुर्ची दिली, पेपर दिला आणि सरांचा ॲप्रन चढवून स्वतः वर्गावर गेले.

सासरे आले. खुर्चीतल्या लांजेवार सरांना दारातूनच बराच वेळ निरखले. सर पेपर वाचत होते. भीतीने पानही उलटत नव्हते. मग सासरे समोरच्या वर्गात डोकावले. विभागप्रमुख घामाघूम. एका हातात खडू, दुसऱ्यात डस्टर, आणि तेच समीकरण पुन्हा पुन्हा पुसणे चालू.

सासऱ्यांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. "पोरगा एकदम पक्का हाय! मले पसंत."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाबूजी, फळ्यापाशी तो बिचारा म्हातारा मरून राहिला ना, त्याले कधी कायम करता?"