२.४० आणि २.८६ च्या मधे

हे सगळं असंच घडलं याची मला खात्री नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं की कुठल्याच गोष्टीची पूर्ण खात्री उरत नाही, त्यात आता वयाची भर. आमच्या जुन्या डिपार्टमेंटातल्या देवरेला फोन करून विचारलं, तर तो म्हणतो, "सर, तुमचं निम्मं बरोबर आहे." कुठलं निम्मं, ते सांगत नाही. पण चार माणसांचं डिपार्टमेंट, एक खोली आणि रोजचा चहा एवढं असलं की किस्से साठतात. जुन्या उत्तरपत्रिकांसारखे. मुद्दाम कुणी ठेवत नाही आणि टाकायचं धाडसही होत नाही.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात गायधनी सर प्रमुख होते. मी, म्हणजे सोनवणे, त्यांच्या हाताखाली. देवरे सटाण्याचा, आमच्यात सर्वांत लहान आणि सर्वांत बोलका. आणि दिंडोरीहून रोज येऊन-जाऊन करणाऱ्या बोरस्ते मॅडम, तात्पुरत्या नेमणुकीवर. दर वर्षी त्यांना नवी ऑर्डर, दर वर्षी तीच धाकधूक. एक कायम जागा निघणार होती. तोवर पीएच.डी. हातात आली तर ती खुर्ची त्यांची, नाही तर दुसऱ्या कुणाची. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्यांच्या प्रबंधाबद्दल सगळेच जरा दबकून बोलत.

*

एफ-टेस्ट तशी अवघड नाही. दोन गटांतले आकडे किती विखुरलेत ते मोजायचं आणि एकाच्या पसाऱ्याला दुसऱ्याच्या पसाऱ्याने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर दोन्ही गट सारखे. बरंच मोठं आलं तर फरक खरा. "बरंच" म्हणजे किती, ते छापील टेबलात बघायचं. टेबलात फक्त मोठ्या बाजूचे आकडे असतात, म्हणून आमच्याकडे रिवाज असा होता की मोठा पसारा नेहमी अंशात ठेवायचा. मग टेबल बघायचं.

गायधनी सरांनी पुस्तकातलं पाच टक्क्यांचं, म्हणजे नशिबाने आलेला फरक खरा समजण्याचा धोका शंभरात पाच ठेवणारं, पान झेरॉक्स करून, लॅमिनेट करून प्रॅक्टिकलच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं. अडचण अशी की फरक कुठल्याही बाजूचा, पसारा पहिल्या गटाचा मोठा किंवा दुसऱ्याचा, चालणार असेल, तर पाच टक्के दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे वाटावे लागतात आणि अडीच टक्क्यांचं पान बघावं लागतं. ते भिंतीवर नव्हतं. त्यामुळे आमच्या मुलांच्या कित्येक पिढ्या पाच टक्के समजून दहा टक्के धोका पत्करत आल्या.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, दोन्ही बाजू बघायच्या असतील तर?"

गायधनी सर भिंतीकडे बघत म्हणाले, "बाळ, भिंतीला एकच बाजू असते."

*

वन-टेल म्हणजे एकाच बाजूची टेस्ट आणि टू-टेल म्हणजे दोन्ही बाजूंची, यांतला फरक देवरे माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा. मी व्याख्या सांगायचो, तो मनमाड सांगायचा.

"मनमाडला आपण गाडीची वाट बघतोय. मनात शंका काय असते? उशीर होणार. लवकर येईल अशी शंका कुणाच्या बापाला आली नाही. झाली वन-टेल टेस्ट."

मागून एक मुलगा म्हणाला, "पण सर, लवकर आलीच तर?"

"तर काय? आपण स्टेशनवर नसतो."

वर्ग हसला. मी दारात उभा होतो, मला हसू आलं नाही. एकाच बाजूला डोळे लावून बसायचं ठरवलं की दुसऱ्या बाजूने जे येईल त्यावर आपला हक्क राहत नाही, हे इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

*

मग कॉम्प्युटर आला. आम्हाला वाटलं, टेबलाची कटकट मिटली.

एक दिवस गायधनी सर घामाघूम होऊन आले. "अहो सोनवणे, मशीन बिघडलंय. तेच आकडे एका मेनूतून घातले तर एक उत्तर, फॉर्म्युल्याने काढलं तर बरोब्बर दुप्पट."

मी भीत भीत म्हणालो, "सर, एक उत्तर एका बाजूचं असेल, दुसरं दोन्ही बाजूंचं. अर्थात मी चुकत असेन."

"तुम्ही चुकत असाल असं तुम्हीच म्हणता, मग मी कशाला वेगळं म्हणू?" ते म्हणाले, आणि त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने मशीन फॉरमॅट केलं. आमच्या सगळ्या प्रश्नपत्रिका गेल्या. उत्तरं मात्र पहिल्यासारखीच दोन येत राहिली.

*

बोरस्ते मॅडमचा विषय द्राक्षांचा होता. मणी फुगावेत म्हणून दिंडोरीकडे घड हाताने औषधात बुडवतात. तेव्हा त्याऐवजी मशीनने फवारायची नवी पद्धत येत होती. शेतकऱ्यांना भीती होती, मशीनने मणी लहान-मोठे होतील, आणि तसा माल निर्यातीला चालत नाही. मॅडमनी आराखड्यात तेच लिहिलं होतं : मशीनमुळे पसारा वाढतो का? एकच बाजू. सोळा वेली हाताच्या, सोळा मशीनच्या.

आकडे उलटे आले. पसारा हाताच्या वेलींत जास्त होता.

रिवाजाप्रमाणे मोठा पसारा अंशात गेला. भागाकार आला २.६१. भिंतीवरच्या टेबलात आकडा होता २.४०.

"ओलांडलं की," गायधनी सर खुशीत म्हणाले. "मशीन चांगलं ठरलं. मॅडम, पेढे."

मॅडम हसल्या नाहीत. "सर, पण मी ही बाजू बघणार असं म्हटलंच नव्हतं."

"मग आता म्हणा. आराखड्यातली एक ओळ बदलायची. मशीनने मणी एकसारखे होतील असं आम्हाला पहिल्यापासून वाटत होतं, असं लिहा. कोण विचारतंय?"

"म्हणजे गाडी आल्यावर प्लॅटफॉर्म ठरवायचा," देवरे पुटपुटला.

"मनमाडला तसंच करतात," गायधनी सर म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मॅडमना ती खुर्ची मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं.

*

मॅडम माझ्याकडे आल्या. मी तीन पुस्तकं काढून बसलो, आणि तिन्हींत एकच उत्तर मिळूनही चौथं शोधत राहिलो. शेवटी म्हणालो, "बाजू आकडे बघून ठरली असेल, तर दोन्ही बाजू मोजायला हव्यात. अडीच टक्क्यांचं पान. तिथे आकडा २.८६ आहे. तुमचे २.६१ तिथे पोचत नाहीत. पण मी चुकत असेन, मॅडम. दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

"सर, तुम्ही चुकत असाल अशी मलाही फार आशा होती," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आधीच बघून आले."

"पुन्हा एक हंगाम घेता येईल? जास्त वेली घेऊन?"

"हंगाम आहे सर. नेमणूक नाही."

त्यांनी प्रबंधात लिहिलं की फरक आहे असं म्हणायला हा पुरावा पुरत नाही. गायधनी सरांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "काहीच सिद्ध झालं नाही म्हणून डॉक्टरेट मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय." आणि मार्गदर्शक म्हणून सही केली.

*

व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं. त्या दिवशी दिंडोरीकडचे पाच-सहा बागाईतदार आले होते. बाहेरून आलेले परीक्षक कमी बोलणारे होते. त्यांनी सरळ त्याच पानावर बोट ठेवलं.

"२.६१ आलंय. पाच टक्क्यांना २.४०. मग फरक मान्य का केला नाही?"

"सर, माझं लक्ष दुसऱ्या बाजूला होतं. आकडे इकडे आले. आल्यावर मी इकडेच बघत होते असं म्हणता येणार नाही."

परीक्षक पान उलटू लागले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा.

"मॅडम, आम्ही साधी माणसं हाये. मशीननं मणी सारखं झालं, हे तुमच्याच आकड्यात दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मंग तसं लिव्हा की. लय लोकांचं काम व्हईल."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, नुसत्या उत्तरासाठी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. "सोळा वेलींत एका हंगामात एवढं दिसायला नशीबसुद्धा पुरतं."

"म्हंजी लोकांनी मशीन घ्यावं का नाय?"

"माझ्या प्रबंधाच्या भरवशावर घेऊ नये."

गायधनी सर माझ्या कानाशी म्हणाले, "गेली खुर्ची."

त्या माणसाने मान हलवली आणि तो निघून गेला. चहालाही थांबला नाही. आम्ही त्याला बागाईतदारच समजलो.

परीक्षकांनी विचारलं, "आत्ता जे बोललात ते प्रबंधात आहे?"

"शेवटच्या प्रकरणात आहे, सर."

"मग मला आणखी काही विचारायचं नाही."

मॅडम डॉक्टर झाल्या. पुढे मुलाखतीत कायमही झाल्या. गायधनी सरांनी सगळ्यांना पेढे दिले, आणि निवृत्त होण्याआधी अडीच टक्क्यांचं पान लॅमिनेट करून भिंतीवर लावून गेले.

*

मी निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी देवरेच्या मुलीच्या सासरी, दिंडोरीला जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला निघालो. रस्त्यालगत फवारणी मशीनचं दुकान होतं आणि दारात खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. केस पिकले होते, पण चेहरा ओळखीचा वाटला. माझ्या ओळखण्यावर माझा विश्वास नाही, म्हणून सरळ विचारलं.

"तुम्ही एकदा आमच्या कॉलेजात व्हायव्हाला आला होतात का? प्रश्न विचारला होता?"

"मीच त्यो. बसा सर."

मी बसलो. वर पाटीवर 'बोरस्ते' लिहिलेलं होतं.

"मॅडम तुमच्या कोण?"

"मंडळी," तो म्हणाला. "येतीलच इतक्यात. चहा घ्याल ना?"

परत आल्यावर मी देवरेच्या व्याह्यांना विचारलं, दुकान कधीचं. ते म्हणाले, जुनं आहे. मी पुन्हा विचारलं, नक्की? ते उठले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बागाईतदाराला विचारून आले. तालुक्यातली त्या मशीनची पहिली एजन्सी बोरस्त्यांनीच घेतली होती. मॅडमचा प्रबंध लिहून व्हायच्या आधी.