वत्सलाताईंचं गप्प बसणं

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा मेघाचा फोन आला. मेघा म्हणजे वत्सलाताईंची मुलगी. “आई गेली, मावशी,” एवढंच तिला बोलता आलं. बातमी अनपेक्षित नव्हती, तरी त्या दिवशी मेथीची जुडी तशीच पडून राहिली… आता महिना उलटून गेला. वाईट वाटतंच, पण मनात राग उरलेला नाही. आजारपणाच्या दिवसांत मात्र मला फार राग यायचा. आपण आता थोड्याच दिवसांच्या सोबती आहोत, हे ताईंना कळलं होतं. त्यांना त्याबद्दल बोलायचं होतं, आणि घरात कुणी बोलू देत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेल्या बाईचं ऐकायला माणूस मिळू नये, याचा मला संताप व्हायचा.

आमचं महिला समुपदेशन केंद्र गुलमंडीजवळ, एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच तिथं ताईंच्या हाताखाली लागले होते आणि बोलण्यात मला कुणी हरवू शकत नव्हतं. रडत आलेल्या बाईला पाणी द्यायच्या आधी मी सल्ला देऊन मोकळी व्हायचे. ताई टेबल सोडून सतरंजीवर तिच्या शेजारी जाऊन बसायच्या, एखादाच प्रश्न विचारायच्या आणि गप्प व्हायच्या. ती शांतता माझ्या अंगावर यायची. खालून गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकू येत राहायची आणि वर आम्ही तिघी नुसत्या बसलेल्या. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, “तू बोललीस की तिचं बोलणं आत जातं, शैला. मग ते बाहेर यायला लई वेळ लागतो.” मला हे तेव्हा आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं होतं.

मग सखू आली. सिल्लोडकडची, मेंढपाळ घरातली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. तिचे भाऊ जीप करून आले होते, सासरेही चार माणसं घेऊन हजर होते. भाऊ म्हणत होते, बहीण आम्ही घरी नेणार. सासरे म्हणत होते, सून नांदायला आलीच पाहिजे. दोन्हीकडून अब्रूच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मी भावांच्या बाजूनं कायदा सांगत होते. ताईंनी सगळ्या पुरुषांना चहा प्यायला खाली पाठवलं. मलाही पाठवतात की काय, अशी धास्ती वाटली, पण मला ठेवून घेतलं. “सखू, तुला काय पायजे?” त्यांनी विचारलं. सखू पदराचं टोक पिळत राहिली. मी तोंड उघडणार, एवढ्यात ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी खालची घासाघीस ऐकत बसले… आणि सखू म्हणाली, “माझी शेरडं आणून द्या. शेरडं असली तर मी कुणाच्या दारात मिंधी नाय. भावाच्या बी नाय.”

लग्नात माहेरानं तिला शेळ्या दिल्या होत्या. त्यांचा आता चांगला कळप झाला होता आणि तो सासरी अडकला होता. दोन्हीकडच्या कुणाच्याही तोंडून त्याचा एकदाही उल्लेख झाला नव्हता. मग ताई सासऱ्यांशी नांदण्याबद्दल बोलल्याच नाहीत, फक्त शेळ्यांबद्दल बोलल्या. बरीच खळखळ करून सासऱ्यांनी त्या परत दिल्या. सखूनं भावाच्या शेताच्या कडेला स्वतंत्र चूल मांडली. मी तिला कोर्टात धाडायला निघाले होते, यावरून ताई पुढं वर्षानुवर्षं माझी चेष्टा करायच्या.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. मार खाऊन आलेली एखादी बाई पुन्हा त्याच घरी जायचं म्हणाली, तर ताई तिला धोका समजावून सांगायच्या, पण अडवायच्या नाहीत. परत यायची वेळ आली तर इथं यायचं, एवढं मात्र तिच्याकडून कबूल करून घ्यायच्या. मी त्यांच्याशी कडकडून भांडायचे. आजही भांडेन.

आजारपणात त्या चिकलठाण्याला मेघाकडं होत्या. येणारा प्रत्येकजण सफरचंदं आणायचा आणि तुम्हाला काही होत नाही म्हणून सांगायचा. आजाराचा विषय काढू नका, आई खचेल, असं मेघानं मला दारातच बजावलं होतं. ताईंनी ‘माझ्या माघारी’ असं म्हटलं, की ती उठून उशी नीट करायला लागायची. एका दुपारी ती औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघीच उरलो. “ताई, मनात काय आहे?” मी विचारलं आणि गप्प बसले. जगात दुसरं काही इतकं अवघड नसेल. भाचीचं लग्न, पावसाचं मान, नाही नाही ते विषय माझ्या जिभेवर येत होते. मी ते गिळत राहिले.

“भीती वाटते गं,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. घाबरू नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी फक्त कशाची म्हणून विचारलं.

“मरणाची नाय. मेघा माझ्याशी न बोलताच मागं ऱ्हाईल, त्याची.”

मेघा औषधांची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. मी उठले, तिला माझ्या जागेवर बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. आत काय बोलणं झालं, ते मी कधी विचारलं नाही. आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही… मग मेघा हुंदके देऊन रडायला लागली. ताईंनी तिला रडू नकोस असं एकदाही म्हटलं नाही.