चाळीस मिनिटांची फेरी

त्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा थांब्यावर आम्ही साठ-सत्तर माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होतो. आधीच्या तीन बस न थांबताच निघून गेल्या होत्या. ही थांबली. ड्रायव्हर म्हणाले, "चढा बाई, सावकाश. आत मुंगी शिरायला जागा नाही, पण तुम्ही कुठे मुंगी आहात!"

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याच बसची वाट बघू लागले. डेपोत त्यांना 'कासव' म्हणत. फेरीची वेळ चाळीस मिनिटं, शहर आजच्या पावपट होतं तेव्हा ठरलेली. आता दीड तास लागतो. वेळ चुकली की मेमो. म्हणून बाकीचे ड्रायव्हर थांबे गाळतात. कागदावर वेळ जुळते, माणसं रस्त्यावर राहतात.

"तुम्हीही गाळा की एखादा," मी एकदा म्हटलं. गाड्या तसूभर हलत नव्हत्या. धुराने जीभ कडू झाली होती. शेजारच्या चकचकीत मोटारीचं दार उघडलं, आतला गृहस्थ रस्त्यावर पचकन थुंकला आणि पुन्हा हॉर्न वाजवू लागला.

"गाळला होता, बाई. एकदाच," ते म्हणाले. "पाचवा मेमो आला होता. आरशात बघतो तर कुणीतरी हात वर करून धावतंय. माझी थोरली बहीण. डायलिसिसला निघालेली. तिचा नंबर गेला त्या दिवशी."

"काही बोलली?"

"रात्री जेवताना म्हणाली, 'आज एक मेला थांबलाच नाही रे. तू असतास तर थांबला असतास.' घास तोंडात फिरायला लागला. माझीच किळस आली."

यंदा डेपोत नवे साहेब आले. म्हणाले, आणखी एक उशीर झाला तर स्टिअरिंग सुटेल. तरी आमचे ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर थांबतच राहिले. फेरीची वेळ वाढवा म्हणून मी अर्ज लिहिला, प्रवाशांच्या शंभरावर सह्या घेतल्या आणि साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"वा बाई, अक्षर काय सुंदर! पण चाळीस म्हणजे चाळीस."

जन्मभर मुलांना शाबासकी वाटली मी. तिची एवढी शिसारी कधी आली नव्हती.

ड्रायव्हरचं स्टिअरिंग सुटलंच. हल्ली ते डेपोत बस धुतात. बहिणीच्या दवाखान्याच्या दिवशी रजा टाकतात आणि दोन तास आधीच तिला घेऊन थांब्यावर उभे राहतात.