आरोंद्याच्या खाडीवर मारलेली हाक

मी हायस्कुलात एक वर्ष काढलं, आठवीचं. मग शाळा सुटली. त्याबद्दल कोणी माझी कीव केलेली मला खपत नाही. त्या एका वर्षात हुतुतूत मी शाळेचा पहिला गडी होतो आणि माझ्याएवढा दम कोणाकडेच नव्हता. ड्रिलचे मास्तर म्हणायचे, "याच्या छातीत लोहाराचा भाता बसवलाय." बढाई म्हणून सांगत नाही. पुढे त्या दमाचं काम आहे, म्हणून सांगतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी वडील गेले. ते होड्या बांधणारे सुतार. कामाला देवगडला गेले की महिना महिना तिकडेच राहायचे. घरात उरलो आई आणि मी. मोठी बहीण, जिला मी बाय म्हणायचो, ती गोव्यात दिलेली, आरोंद्यासमोर खाडीच्या पलीकडच्या गावात. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि हद्द बंद झाली होती. इन्सुलीच्या नाक्यावरून माणूस सोडत नव्हते. टपालाचा भरवसा नव्हता. बाप गेला हे लेकीला कळवायचं कसं? आई चुलीपुढे बसून एकच बोलायची, "तिका ठावक नाय रे. बापूस जीतो आसा म्हणान समाजता. थंय हसत आसतली."

शिमग्याआधी शाळेची सहल निघाली. सुतकाच्या वर्षात कसली सहल, आई मला सोडणार नव्हती. पण सहल आरोंद्याला म्हटल्यावर तिने हातातलं काम ठेवलं.

"तू जा. पलतडीक बायचा घर. दिसली तर सांग. तोंडान सांग."

सावंतवाडीपर्यंत एस्टी आणि पुढे चालत. दोघादोघांची रांग, डोक्यावर पांढरी टोपी, बरोबर ड्रिलचे मास्तर. शिट्टी वाजली की असेल तिथे उभं राहायचं. वाटेत झाडं ओळखायची, ओहोळाची खोली काठीने मोजायची, दगडांच्या चुलीवर भात शिजवायचा. पोरांना मजा वाटत होती. भात मीही शिजवला, पण करपला, कारण लक्ष तिकडे होतं.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पलीकडचं सगळं दिसत होतं. माड, कौलं, वाळत घातलेली लुगडी, चिखलात वाकून तिसऱ्यांचे शिंपले काढणाऱ्या बायका. पोहून जाण्याएवढीच खाडी, आणि पोहायला मी भीत नव्हतो. पण पलीकडच्या बांधावर एक पाकलो, म्हणजे पोर्तुगीजांचा शिपाई, बंदूक घेऊन फिरत होता. मी मास्तरांना सांगितलं, "मास्तर, माझी बहीण तिकडे असते. वडलांचं तिला ठाऊक नाही."

मास्तरांनी काठावरच्या चौकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथे आपल्या पोलिसांची चौकी आहे. आरडाओरडा चालणार नाही. आधी खेळून घ्या."

पुळणीवर वाळूत रेघा मारल्या आणि हुतुतू सुरू झाला. माझी पाळी आली. मी छाती भरून दम घातला, हुतुतूतूतू, आणि पलीकडे तोंड करूनच घुमवत राहिलो. दोन गडी मारून परत आलो तोच पलीकडून कुकारो आला, लांबच्या माणसाला घालतात तशी हाक. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती. तोंड ओळखू येत नव्हतं. आवाज आला.

"कोण तो? बाबू रे?"

घरी मी असाच दम घालायचो. अंगणात, परसात, विहिरीवर. बायने दमावरून मला ओळखलं.

"बाय गो!"

"मेल्या, केदो वाढलस रे!"

आमची पोरं खो खो हसली. "मेल्या, केदो वाढलस!" म्हणून एकाने मला ढकललं.

"आवस बरी आसा मां?"

"बरी आसा!"

"आणि बाबा?"

पोरं गप्प झाली. त्यांना माहीत होतं. मी दम घेतला, हुतुतूलाही कधी घेतला नसेल एवढा.

"बाबा गेलो!"

"खंय?"

आता खंय, म्हणजे कुठे, म्हणून काय सांगू? आमच्यात माणूस मेला तरी गेलो आणि बाजारात गेला तरी गेलो. पुन्हा ओरडलो, "देवाघराक गेलो!"

वारं आडवं होतं. तिने कानामागे हात धरला, मग मान हलवली आणि हसली. पाण्यावरून हसणं स्पष्ट ऐकू येतं.

"देवगडाक? कामाक गेलो? बरा बरा!"

एकच शब्द उरला होता. मेलो. तो नक्की पोचला असता. पण तो आम्ही कुत्र्याला वापरतो, नाहीतर लाडाने एकमेकांना मेल्या म्हणतो. बापाला मेलो म्हणून खाडीपार ओरडायचं, दोन्ही काठांवरच्या माणसांदेखत? तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. आजही यायचा नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मी मानत नाही. मग मी टोपी काढून डोकं दाखवलं. बाप गेल्यावर मुंडण केलेलं, ते तरी दिसेल. पण केस केव्हाच वाढले होते. बायला वाटलं मी टोपी हलवतोय. तिने पदर हलवला.

तेवढ्यात चौकीतला पोलीस धावत आला, घाटावरचा माणूस. "कोणाला खुणा करतोस रे? मास्तर, आवरा तुमच्या पोराला!"

मास्तरांनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की असेल तिथे उभं राहायचं. मी उभा राहिलो. पलीकडे पाकलोही बायकांकडे यायला लागला होता. बायने टोपली कमरेवर घेतली आणि जाता जाता ओरडली, "बाबाक सांग, वाट सुटली काय चवथीक येतंय!"

घरी आलो तर आई दारातच होती.

"मिळली?"

"मिळली."

"सांगलस?"

"सांगलंय."

मी सांगितलं होतं, बेंबीच्या देठापासून. आई खाली बसली आणि रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "बरा झाला. आता माझो जीव हलको झालो." त्या जीवावर पुन्हा ओझं कसं घालणार होतो? त्यानंतर ती चुलीपुढे बायचं बोलली नाही. शाळा सुटली आणि मी रंधा हातात घेतला.

गोवा मोकळा झाला आणि बाय आली. गणपतीच्या चवथीपर्यंत थांबली नाही. मी अंगणात फळी तासत होतो. तिच्या कडेवर मी न पाहिलेला मुलगा, हातात नवीकोरी छत्री, लाकडी मुठीची.

"ही बाबाक," ती म्हणाली. "इलो काय रे देवगडसून?"

आता मध्ये खाडी नव्हती, वारं नव्हतं, शिट्टीही नव्हती. दम घ्यायची गरज नव्हती. तरी तोंडात आला तो तोच शब्द.

"बाबा गेलो गो, बाय."

या वेळी तिने खंय म्हणून विचारलं नाही. आई माझ्या मागे दारात येऊन उभी राहिली होती, आणि बाय तिच्या कपाळाकडे बघत होती.